चारांतली वेगळी काडी

मागडी रोडच्या आतल्या बाजूला, लाकडाच्या वखारींच्या मागे, हयवदनरावांचा अगरबत्तीचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते आपलं बोलायला. पत्र्याची एक लांब शेड, पुढे काड्या वाळत घालायचं अंगण आणि कोपऱ्यात ऑफिस, पॅकिंगची खोली आणि सेंटची खोली, एवढाच काय तो पसारा. शेडमध्ये चाळीस बायका ओळीनं बसायच्या. प्रत्येकीच्या पुढ्यात पाट, पाटावर कोळशाच्या पुडीचा काळा लगदा, डाव्या हाताशी बांबूच्या काड्या. लगद्याची चिमूट घ्यायची, काडीवर धरायची आणि तळव्यानं एकदाच पुढे लोटायची. काडी काळी होऊन बाजूला पडली की दुसरी.

ठकुबाई तिसऱ्या ओळीत, भिंतीकडेला बसायची. बाई निपाणीकडची. माहेरी विड्या वळल्या, सासरी विड्या वळल्या. मग नवरा, कृष्णात, लाकूड कापायच्या गिरणीत काम मिळालं म्हणून बंगलोरला आला. त्याच्या मागोमाग ही आली आणि महिन्याभरात हयवदनरावांच्या शेडमध्ये बसली. ते ब्याऐंशी साल होतं. आता शहाण्णव उजाडलं होतं. "पान गेलं, काडी आली, वळायचं काय सुटलं न्हाई," असं ती हसत सांगायची.

देवानं तिला नाक दिलं होतं. निपाणीच्या वखारीत तंबाखूचं पोतं सोडायच्या आधी ती सांगायची, हे भिजून परत वाळवलेलं आहे. इथं सेंटच्या खोलीवरून पाणी प्यायला जाताना सांगायची, आज मोगऱ्यात कालचा केवडा उरलाय, पिंप नीट धुतलं नाही. कुणाला डोळ्यांनी लांबचं दिसतं, तसं तिला हे यायचं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

पण गेल्या दिवाळीपासून तिचा उजवा अंगठा धरू लागला. काडी लोटताना मुळाशी कळ यायची आणि काडी एकीकडे जाड, एकीकडे बारीक व्हायची. काम नगावर. हात थांबला की काम थांबलं. ती रात्री अंगठ्याला तेल चोळायची, सकाळी देवापुढे दिवा लावताना तो अंगठा पदराखाली धरायची, जणू देवालाही दिसू नये. शेजारच्या पाटावरच्या चंपाला मात्र दिसलंच.

"ठकुअक्का, तुमच्या काड्या गरोदर दिसतात हल्ली," चंपा म्हणाली.

"तू तुझ्या बघ गं. तुझ्या तर उपाशी दिसत्यात."

हसून झालं, पण दोघींनाही ठाऊक होतं की उगादीच्या पाडव्यापर्यंत हा हात टिकणार नाही.

त्याच सुमारास सेंटच्या खोलीतले कल्लाप्पा अण्णा काम सोडायचं म्हणू लागले. वय झालेलं, मुलगा गावी बोलावत होता. वाळलेल्या काड्या सुगंधी तेलात कधी आणि किती बुडवायच्या, आलेलं तेल अस्सल की भेसळीचं, हे सगळं अण्णांच्या नाकावर चालायचं. हयवदनरावांनी मनाशी ठरवलं होतं की अण्णा गेले की खोलीच बंद करायची. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून तयार मिश्रण मागवायचं, बुडवायचं आणि मोकळं व्हायचं.

"खोली बंद करू नका," अण्णा म्हणाले. "ठकुबाईला बसवा. चंदनाच्या नव्या पिंपात काहीतरी मिसळलंय, असं ती दारातूनच म्हणाली होती. मी ऐकलं नाही. पुढं दुकानदारांनी माल परत पाठवला तेव्हा कळलं."

हयवदनराव जुन्या बंगलोरचे. घरी मराठी बोलत, पण निम्मी कानडीच्या वळणाची. "अण्णा, एकदा बरोबर आलं म्हणून नाक झालं काय? अंदाज लागला असेल."

"एकदा नाही. चार-पाचदा."

"बरोबर आलेलं तुम्हाला लक्षात राहिलं. चुकलेलं कोण लिहून ठेवलंय?"

ह्यावर उत्तर दिलं ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या शाल्मलीनं. "सर, मी लिहून ठेवते ना. टेस्ट घेऊ या."

शाल्मली पुण्याची. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कॉम्प्युटर कंपनीत, आणि हिनं संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलेलं. घरी बसून कंटाळली म्हणून आठवड्यातून तीन दिवस कारखान्यात यायची. काड्यांची लांबी मोजायची, जाडी मोजायची, एक काडी किती वेळ जळते ते घड्याळ लावून बघायची. बायका तिला पाठीमागे काडीमॅडम म्हणायच्या. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

परीक्षा साधी होती. चार काड्या ठेवायच्या. दिसायला सारख्या, तीन काड्या चंदनाच्या जुन्या पिंपात बुडवलेल्या, एक नव्या पिंपात. वेगळी कोणती ते सांगायचं. अशा बारा फेऱ्या. ठकुबाईला निरोप गेला तेव्हा तिनं पाट बाजूला सारला, हात धुतले आणि पदर नीट केला. सेंटच्या खोलीत बसून काम करायचं म्हणजे अंगठ्याचं काही कामच नाही. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

शुक्रवार होता. ऑफिसात लक्ष्मीच्या तसबिरीपुढे पूजा नुकतीच झालेली, ताजा झेंडू, समई तेवत होती. टेबलावर फायलींचा ढीग. शाल्मलीला काड्या ठेवायला जागा सापडेना आणि ताट सापडेना. तिनं तसबिरीजवळचं पितळी तबक घेतलं, त्याच्या काठाला हळदीकुंकू लागलेलं होतं, आणि चार-चार काड्या त्यात मांडून ते तसबिरीपुढच्याच चौरंगावर ठेवलं. मोकळी जागा तेवढीच होती.

ठकुबाई दारात चप्पल काढून आत आली आणि ते तबक पाहून उभीच राहिली.

देवापुढे मांडलेलं फूल हुंगायचं नाही, हे तिला कुणी शिकवल्याचं आठवत नव्हतं, इतकं ते लहानपणीचं होतं. हुंगलं की उष्टं झालं. दिवसभर शेडमध्ये बसून जो वास नाकात जातो तो कामाचा. करणाऱ्याच्या नाकात वास जाणारच, देवाला ते कळतं. पण तबकात, समईपुढे, हळदीकुंकवाशेजारी ठेवलेली काडी उचलून नाकाला लावायची? तिनं हयवदनरावांकडे पाहिलं. प्रत्येक नव्या मालाची पहिली जुडी लक्ष्मीपुढे ठेवल्याशिवाय ते गाडीत माल चढवू देत नसत. तिला वाटलं, खरी परीक्षा ही आहे. ही बाई देवाची काडी हुंगते की नाही, हे मालक बघताहेत.

"सांगा बघू, वेगळी कुठली?" शाल्मली म्हणाली.

ठकुबाईनं हात जोडले. मनात म्हणाली, आई, तूच दाखव. आणि लांबूनच बोट केलं. "ही."

दुसरी फेरी. "ही." तिसरी. "ती कडंची." बाराच्या बारा फेऱ्या पाच मिनिटांत आटोपल्या. एकाही वेळी तिचा हात तबकाला लागला नाही.

शाल्मलीनं कागदावर ताडून पाहिलं. "तीन बरोबर."

"बारांत तीन," हयवदनराव म्हणाले. "आमच्या घरचं मांजर पंजा मारलं असतं तरी एवढं आलं असतं."

"तेवढंच आलं असतं," शाल्मली हळूच म्हणाली. "चारांत एक, म्हणजे बारांत तीन. नुसता अंदाज केला तर सगळ्यात जास्त वेळा तीनच येतात."

कल्लाप्पा अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. ठकुबाई शेडमध्ये आली, पाटाशी बसली आणि लगद्यात हात घातला.

संध्याकाळी घरी कृष्णातनं सगळं ऐकून घेतलं. "मग सांगायचं की त्यास्नी, देवापुढची हाय, हुंगनार न्हाई म्हणून."

"कसं सांगू? आधी सांगितलं असतं तर शोभलं असतं. आता हरल्यावर सांगितलं तर सबब वाटंल."

"सबब वाटली तर वाटू दे. तुझं नाक हाय, त्यांचं न्हाई."

"तुम्हास्नी बोलाय काय जातंय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. अंगठा दुखत होता. भाकरीही एकीकडे जाड झाली.

सोमवारी शाल्मली आली ती थेट तिसऱ्या ओळीत, ठकुबाईच्या पाटापुढे उकिडवी बसली. हातात शुक्रवारचा कागद.

"ठकुबाई, एक विचारू? मी प्रत्येक फेरीचा वेळ लिहिलाय. पहिली चार सेकंद, दुसरी तीन, पुढे सगळ्या दोन-तीन. एवढ्यात चार काड्यांचा वास घेऊन होत नाही. तुम्ही एकही काडी नाकाजवळ नेली नाहीत."

ठकुबाई वळत राहिली.

"नाक नसलेल्या माणसानंसुद्धा खोटं खोटं तरी हुंगून बघितलं असतं. तुम्ही का नाही?"

मग ठकुबाईनं सांगितलं. तबक, हळदीकुंकू, समई. आणि मालक आपल्या रीतीची परीक्षा घेताहेत असं वाटलं तेही.

शाल्मलीचा चेहरा उतरला. "ते तबक मीच उचललं होतं हो. ताट सापडलं नाही म्हणून. अरे देवा."

"तुम्हास्नी काय ठावं?"

"माझी आजी तर फुलाच्या परडीवरून वारा गेला तरी ओरडायची. मला ठाऊक असायला हवं होतं." तिनं कागद पुढे धरला. "पण एक आहे. आकडा काही खोटं बोलला नाही. तुम्ही अंदाज केला आणि अंदाजाचाच आकडा आला."

"मी न्हाई केला अंदाज. आईवर सोपवलं."

"बरं, आईनंही अंदाजच केला मग," शाल्मली म्हणाली, आणि चंपा फसकन हसली.

हयवदनरावांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. "सरी, ठीक आहे. माझी आई पण हुंगली नसती. तिचं चुकलं नाही. पण म्हणून नाक आहे हे कुठं ठरलं? आता परत घेणार. परत चुकलं की आणखी एक कारण निघणार. किती वेळा घेणार तुम्ही?"

"एकदाच," शाल्मली म्हणाली. "आणि किती बरोबर आले तर मानायचं, ते आधी ठरवायचं."

"बाराच्या बारा."

"बारा मलाही नाही यायचे," कल्लाप्पा अण्णा दारातून म्हणाले. "तीस वर्षं झाली. अजून चुकतो."

"मग सात. निम्म्याहून एक जास्त."

"सात का, आठ का, हे असं हवेत नको," शाल्मली म्हणाली. "नुसत्या अंदाजानं किती येतात, ते डोळ्यांनीच बघू."

पुढचे दोन दिवस चहाच्या सुट्टीत शेडमध्ये जत्रा भरली. शाल्मलीनं बिनवासाच्या चार काड्या घेतल्या. एकीच्या बुडाला लाल दोरा गुंडाळला आणि बुडं कागदाच्या पुडीत झाकली. प्रत्येक बाईनं बारा वेळा एक-एक काडी ओढायची. लाल दोरा आला की बरोबर. दर वेळी पुडीत काड्या हलवून घ्यायच्या. जिचे जितके येतील तितक्या आकड्यावर भिंतीवर खडूनं एक रेघ.

चाळीस बायकांच्या चाळीस रेघा झाल्या. अकराजणींना तीन आले, दहाजणींना दोन, सातजणींना चार. एकीला एकही नाही, ती बिचारी खट्टू झाली. भिंतीवर सुपातून धान्य ओतावं तशी मध्ये रास झाली आणि दोन्ही कडांना उतार. पार कडेला, सहाच्या आकड्यावर, फक्त दोन रेघा. त्यातली एक चंपाची. सातवर एकही नाही.

"ठकुअक्काला तीन, मला सहा," चंपा नाक ओढत म्हणाली. "खोलीची चावी मलाच द्या मग."

"हिला तर सर्दी आहे," हयवदनराव म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळे हसले.

"बघा सर, सर्दी असून सहा येऊ शकतात," शाल्मली म्हणाली. तिनं खडू घेतला. "चार काड्या, बारा फेऱ्या. बारा वेळा चार मांडून त्यांचा गुणाकार करायचा. एकूण एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त तऱ्हा होतात. आता आठ बरोबर यायचे असतील, तर बारांतल्या आठ फेऱ्या कोणत्या, त्याच्या चारशे पंच्याण्णव तऱ्हा. उरलेल्या चार फेऱ्यांत दर वेळी चुकीच्या काड्या तीन, म्हणून आणखी एक्याऐंशी पट. त्यात नऊ, दहा, अकरा, बारा यायच्या तऱ्हा मिळवायच्या आणि सगळ्याला त्या कोटीच्या आकड्यानं भागायचं. सहा किंवा जास्त, असं अंदाजानं अठरा जणींत एकीला होतं. सात किंवा जास्त, सत्तर जणींत एकीला. आठ किंवा जास्त, तीनशे साठ जणींत एकीला."

ठकुबाई खांबाला टेकून ऐकत होती. गुणाकार तिला कळला नाही, पण भिंतीवरची रास कळली. "म्हंजे चुकायच्या वाटा लई, अन् बरोबर यायच्या थोड्या. अंदाज करणारा लई असतील त्याच वाटनं जाणार."

शाल्मलीनं खडू खाली ठेवला. "मला हे शिकायला दोन वर्षं लागली."

"आठ," हयवदनराव म्हणाले. "तीनशे साठ बायका माझ्याकडं नाहीत. आठ आले तर खोली तिची. सात आले तर शनिवारी मुंबईला पत्र. मग कुणी माझ्याकडं यायचं नाही. सरी?"

"सरी," ठकुबाई म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिनं मशेरी लावली नाही, केसांना तेल लावलं नाही आणि चहासुद्धा घेतला नाही. घरातल्या देवापुढे फक्त नमस्कार केला. काही मागितलं नाही. गेल्या खेपेस मागून जे झालं ते झालं.

ह्या वेळी परीक्षा पॅकिंगच्या खोलीत होती. तिथं तसबीर नव्हती, समई नव्हती. काड्या चंपानं आणलेल्या नव्या कोऱ्या सुपात होत्या. वेगळी काडी कोणती त्याची यादी चंपानंच कल्लाप्पा अण्णांच्या देखत केली होती आणि बंद पाकिटात हयवदनरावांच्या खिशात ठेवली होती. शाल्मलीलाही ती ठाऊक नव्हती. "माझ्या डोळ्यांकडं बघून त्यांना कळायला नको," ती म्हणाली. चंपा बाहेर अंगणात, आणि तिच्या आजूबाजूला सगळी शेड.

"दर फेरीनंतर आपल्या पदराचा वास घे," कल्लाप्पा अण्णा जाता जाता म्हणाले. "नाक कोरं होतं."

ठकुबाई खाली बसली. पहिली काडी उचलली, डोळे मिटले. दुसरी. तिसरी. चौथी. परत दुसरी. मग पदर नाकाला. घाई नव्हती. बारा फेऱ्यांना तासाहून जास्त वेळ लागला. मध्येच एकदा तिनं शाल्मलीला नुसत्या पाण्यानं हात धुऊन यायला सांगितलं. कसल्याशा साबणाचा वास येतो म्हणाली. शाल्मली उठून हात धुऊन आली.

सहाव्या फेरीला ती अडली. दोन काड्या दोन हातांत धरून बसून राहिली. शेवटी एक पुढे केली. सातवीलाही तसंच.

सगळं झाल्यावर हयवदनरावांनी पाकीट फोडलं. शाल्मली आपला कागद वाचायची, ते आपला.

"पहिली, डावीकडून दुसरी."

"बरोबर."

"दुसरी फेरी, चौथी काडी."

"बरोबर."

तिसरी चुकली. चौथी बरोबर, पाचवी बरोबर. सहावी चुकली. सातवी चुकली. दाराबाहेर कुणीतरी जिभेनं च्च केलं आणि चंपानं त्या बाईला कोपर मारलं. आठवी बरोबर. नववी बरोबर. सहा झाले होते आणि तीन फेऱ्या राहिल्या होत्या.

ठकुबाई सुपाकडे बघत होती. तिनं अंगठा पदराखाली घेतला नव्हता. तो गुडघ्यावर तसाच उघडा होता.

"दहावी, पहिली काडी."

"बरोबर."

"अकरावी, तिसरी काडी."

हयवदनरावांनी यादी जरा लांब धरली, मग जवळ. "बरोबर."

बाहेर बायका बोलायला लागल्या. कुणीतरी आठ झाले, आठ झाले म्हणत होतं. पण शाल्मलीनं हात वर केला. "अजून एक आहे. बारावी, दुसरी काडी."

"बरोबर," हयवदनराव म्हणाले. यादीची घडी केली आणि खिशात ठेवली. "नऊ. मॅडम, नऊ म्हणजे किती?"

"नऊ किंवा जास्त, अंदाज करणाऱ्या अडीच हजार जणींत एकीला."

"अडीच हजार." त्यांनी मान हलवली. "मुंबईला पत्र नको." मग ठकुबाईकडे वळून म्हणाले, "अक्का, स्वल्प दिवस अण्णांच्या हाताखाली बसा. ते एक तारखेला गावी जाणार. तोवर सगळं विचारून घ्या."

ती उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या म्हणून भिंत धरली. दाराशी चंपा होती, डोळे पुसत होती आणि सर्दीवर ढकलत होती. सगळ्यांना वाटलं, आता ही घरी जाईल, कृष्णातला सांगेल, निदान चहा तरी घेईल. ती शाल्मलीजवळ गेली.

"चुकलेल्या तीन कुठल्या म्हणालात?"

"तिसरी, सहावी आणि सातवी."

"त्या बारा काड्या मला द्या. येगयेगळ्या बांधून."

सेंटच्या खोलीत कल्लाप्पा अण्णा पिंपाचं झाकण पुसत होते. ठकुबाईनं तीन जुड्या त्यांच्यापुढे ठेवल्या. अण्णांनी तिसऱ्या फेरीची जुडी सोडली, चारही हुंगल्या, परत हुंगल्या आणि मान हलवली. "ह्यात मीही चुकलो असतो. पिंप तळाला आलं होतं तेव्हाची आहे." मग त्यांनी सहावीची जुडी हुंगून पाहिली. "पण ही तुला यायला हवी होती. घे परत."

तिनं स्टूल ओढलं, बसली आणि सहाव्या फेरीची पहिली काडी नाकाजवळ नेली.

"काय येतंय?" अण्णांनी विचारलं.

"चंदन. अन् मागनं कायतरी गोडसर."

"त्या गोडाचं नाव सांगतो. आधी दुसरी घे."